वॉटरफॉल, धरण आणि 'दौंडला किती?'

गेल्या शतकातल्या दोन घटना शेजारी शेजारी ठेवून बघायला मला फार मजा येते. १९६९ साली भीमा नदीवर, माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ, धरणाचं काम सुरू झालं. आणि १९७० च्या ऑगस्टमध्ये तिकडे अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या एका परिषदेत, विन्स्टन रॉईस नावाच्या इंजिनियरचा 'मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पांचं व्यवस्थापन' अशा विषयावरचा एक निबंध सादर झाला. पहिल्या घटनेमुळे आमच्याकडची गावं पाण्याखाली गेली. दुसऱ्या घटनेमुळे जगभरच्या प्रोग्रामर लोकांची पुढची तीसेक वर्षं.

विनोद बाजूला ठेवू. पण हे दोन्ही विषय माझ्या डोक्यात कायम एकत्रच येतात, कारण मी करमाळ्याकडचा, उजनीच्या काठावरचा, आणि पोटापाण्यासाठी पुण्यात कोड लिहितो. रोज सकाळी स्टँड-अप असतो, दर दोन आठवड्यांनी स्प्रिंट संपतो, आणि सुट्टीत गावी गेलं की समोर ते अथांग पाणी. तर या शनिवारी म्हटलं, हा धागा एकदा सरळ करून बघावा. आपण ज्याला अजाईल म्हणतो त्याने माणसांच्या बोलण्यात नेमका काय फरक पडला, आणि धरणाकडून त्याबद्दल काही शिकता येतं का?

आधी रॉईसची गोष्ट, कारण ती आपल्या धंद्यातल्या गैरसमजांची आद्य कथा आहे. रॉईसने निबंधात एक चित्र काढलं होतं. वरून खाली उतरत जाणाऱ्या पायऱ्या. गरजा लिहा, मग विश्लेषण, मग डिझाईन, मग कोड, मग टेस्टिंग, मग वापर. हे चित्र बघून लोकांना धबधबा आठवला आणि पुढे त्या पद्धतीचं नाव वॉटरफॉल पडलं. आता गंमत अशी की रॉईसने स्वतः तो शब्द त्या निबंधात वापरलेलाच नाही. उलट चित्राखाली त्याने चक्क लिहिलंय की ही पद्धत अशीच्या अशी राबवणं धोक्याचं आहे. पुढच्या पानांवर तो सांगतो, नवीन काही करत असाल तर ते दोनदा करा, आणि ग्राहकाला सुरुवातीपासून सामील करून घ्या. पण लोकांनी चित्र उचललं आणि मजकूर सोडून दिला. १९८५ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने सॉफ्टवेअरसाठी जे मानक काढलं त्यातही तोच पायऱ्यांचा विचार होता, आणि तिथून तो सगळीकडे पसरला. म्हणजे ज्या माणसाने 'एकमेकांशी बोलत चला' असं सांगितलं, त्याच्याच कागदाचा लोकांनी 'बोलू नका, कागद पुढे ढकला' असा अर्थ लावला!

आता उजनी. धरण बांधायचं तर वॉटरफॉलला पर्याय नाही, हे आधी कबूल करू. भिंत अर्धी बांधून 'कशी वाटतेय?' असं विचारता येत नाही. सर्वेक्षण, आराखडा, भूसंपादन, भिंत, दरवाजे, कालवे, असंच ते होणार. जून १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. ४१ दरवाजे, अडीच किलोमीटरची भिंत, एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी. जलाशयाला यशवंतसागर हे नाव मिळालं. सुरुवातीचा अंदाज ४० कोटी रुपयांचा होता, शेवटी खर्च गेला जवळजवळ ३३० कोटींवर. आठपट! (आमच्या धंद्यात कोणी हे आकडे ऐकून दचकत नाही, ही वेगळीच शोकांतिका.) सत्तरच्या दशकातली महागाई त्यात धरायलाच हवी. पण मला आकड्यापेक्षा वेगळीच गोष्ट खटकते.

पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा पहिला सर्वंकष कायदा आला १९७६ साली. म्हणजे उजनीचं काम सुरू होऊन सात वर्षं झाल्यावर. त्यानंतर १९८६ चा आला, मग १९९९ चा. सॉफ्टवेअरच्या भाषेत बोलायचं तर सगळ्यात महत्त्वाची रिक्वायरमेंट, म्हणजे इथे राहणाऱ्या माणसांचं काय, ती कोडिंग अर्धं झाल्यावर कागदावर आली. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांतल्या गावांनी आपापली घरं, मळे, देवळं मागे सोडली. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर दुष्काळात पाणी खाली गेलं की वर येतं, आणि माणसं होड्यांतून ते बघायला जातात. पर्यटकांना तो देखावा वाटतो. आमच्या आजीसारख्यांना मात्र तिथे बाजार कुठे भरायचा ते बोटाने दाखवता येतं.

आणि एक रिक्वायरमेंट तर कित्येक वर्षं तशीच पडून राहिली. नदी होती तेव्हा अलीकडची आणि पलीकडची गावं एकाच पंचक्रोशीतली होती. सोयरीक, बाजार, शाळा, सगळं नदी ओलांडून. उन्हाळ्यात तर पायी. जलाशय झाला आणि समोर दिसणारं गाव रस्त्याने जायचं तर भलामोठा वळसा पडायला लागला. म्हणून लोक बोटीने जातात. मे २०२४ मध्ये कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. पुलाची मागणी त्याआधीची, कैक वर्षांची. 'धरण' नावाच्या डब्यात पाणी, वीज, सिंचन बसलं; 'समोरच्या गावाला कसं जायचं' हा प्रश्न कुठल्याच डब्यात बसला नाही.

इथे मला मेल्विन कॉन्वे आठवतो. एप्रिल १९६८ मध्ये, म्हणजे आपल्या दोन्ही घटनांच्या जरा आधी, त्याने 'डेटामेशन' मासिकात एक लेख लिहिला. म्हणणं साधं आहे. एखादी संस्था जे काही डिझाईन करते, त्याचा आकार त्या संस्थेतली माणसं एकमेकांशी कशी बोलतात त्या आकारासारखाच होतो. चार टीमना एक कंपायलर लिहायला सांगा, चार टप्प्यांचा कंपायलर मिळेल. पुढे याला कॉन्वेचा नियम म्हणायला लागले. उजनीला हा नियम लावून बघा. पाणी एकच आहे, पण त्याचा फुगवटा तीन जिल्ह्यांत पसरलेला. भिंत आणि कालवे सोलापूरच्या बाजूला, वरचा मोठा पसारा पुण्याच्या बाजूला. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूरसाठी पाच टीएमसी पाणी उचलायच्या योजनेला सरकारने मान्यता दिली. इंदापूरच्या बाजूने त्याला नाव होतं 'पुण्याहून येणारं सांडपाणी'. सोलापूरच्या बाजूने त्याच पाण्याला नाव होतं 'आमच्या हक्काचं पाणी'. आंदोलनं पेटली आणि मे महिन्यात तो निर्णय रद्द झाला. बरोबर कोण होतं या वादात मी शिरत नाही. (माझं गाव सोलापूर जिल्ह्यात आहे, तेव्हा मी कोणत्या बाजूचा ते ओळखाच!) मुद्दा हा की दोन टीम एकाच गोष्टीला दोन नावं देत होत्या आणि समोरासमोर एका टेबलावर बसून त्या नावांचा अर्थ आधी कोणी लावला नव्हता.

शब्दांचा अर्थ हा तर उजनीचा खास विषय. बाहेरच्या माणसाला पेपरातली बातमी वाचून चक्कर येते: 'उजनी उणे ४० टक्के'. धरणात उणे पाणी कसं असेल बाबा? त्याचं उत्तर असं. ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसीच्या वर पाणी हा मृत साठा, म्हणजे कालव्याच्या तोंडाखालचं पाणी. त्याच्या वरचं सुमारे ५३.५ टीएमसी हे उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्याची. मृत साठ्याच्या पातळीला शून्य, त्याखाली गेलं की उणे. जून २०२४ च्या सुरुवातीला धरण जवळजवळ उणे ६० टक्क्यांपर्यंत गेलं होतं. हिशेब केला तर तेव्हासुद्धा कागदोपत्री ३१ टीएमसीच्या आसपास पाणी धरणात होतं (त्यात गाळ किती हा वेगळा मुद्दा). आणि पुण्याची तहान भागवणारी खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांचा उपयुक्त साठा २९ टीएमसीच्या थोडा वर. म्हणजे 'उणे ६०' चं उजनी हे पुण्याच्या 'शंभर टक्के' पेक्षा जास्त! शून्य कुठे धरायचं हे माहीत नसेल तर आकडा सांगूनही काही सांगितलं जात नाही.

आता तुमच्या ऑफिसातलं शेवटचं 'नव्वद टक्के झालंय' आठवा. कशाचे नव्वद टक्के? कोड लिहून झाला, की टेस्ट झाला, की ग्राहकाच्या मशीनवर चालला? अजाईलवाले 'डन म्हणजे काय ते आधी ठरवा' म्हणून जीव खातात ते याचसाठी. हा शून्याचा झगडा आहे.

बरं, अजाईलने नक्की केलं काय? थोडा इतिहास. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीत गार्मिश इथे नाटोच्या पुढाकाराने परिषद झाली, तिथे सॉफ्टवेअरच्या संकटाची उघड चर्चा झाली: प्रकल्प वेळेत होत नाहीत, खर्च हाताबाहेर जातो. १९७५ मध्ये फ्रेड ब्रूक्सने आपल्या पुस्तकात त्याचं गणित मांडलं. पाच माणसांत बोलायच्या जोड्या दहा. दहा माणसांत पंचेचाळीस. पन्नास माणसांत बाराशे पंचवीस. माणसं वाढवली की काम वाढतं त्याहून जोरात बोलणं वाढतं, म्हणून उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं ओतली की तो आणखी उशिरा होतो. १९८६ मध्ये ताकेउची आणि नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन वगैरे कंपन्यांचा अभ्यास करून लिहिलं की ही मंडळी रिले शर्यतीसारखी काठी पुढच्याला देत नाहीत, रग्बीसारखी सगळी टीम चेंडू घेऊन एकत्र पळते. 'स्क्रम' हा शब्द तिथून आला. नव्वदच्या दशकात जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांनी तो सॉफ्टवेअरमध्ये आणला. आणि फेब्रुवारी २००१ मध्ये यूटातल्या स्नोबर्ड नावाच्या बर्फाळ ठिकाणी सतरा जण जमले आणि त्यांनी तो प्रसिद्ध जाहीरनामा लिहिला. त्याच्या बारा तत्त्वांपैकी एक सरळ बोलण्याबद्दलच आहे: टीममध्ये माहिती पोचवायचा सगळ्यात परिणामकारक मार्ग म्हणजे समोरासमोरचं बोलणं.

माझ्या मते यातली कळीची गोष्ट अशी. अजाईलने लोकांना जास्त बोलायला लावलं, असा समज आहे. तो अर्धाच खरा. वॉटरफॉलमध्येही लोक खंडीभर बोलत होते, ढीगभर कागद लिहीत होते. फरक आहे तो अंतराचा. मी काहीतरी बोललो आणि समोरच्याला ते चुकीचं कळलंय हे उघड व्हायला किती वेळ लागतो? जुन्या पद्धतीत वर्ष-दीड वर्ष. अजाईलमध्ये दोन आठवडे, कधी एक दिवस. गैरसमज काही कमी होत नाहीत, त्यांचं वय कमी होतं. बालवयातला गैरसमज हसण्यावारी नेता येतो. म्हातारा झालेला गैरसमज कोर्टात जातो.

आणि ही अक्कल काही फक्त अमेरिकेतून आलेली नाही बरं का. खानदेशात, पांझरा नदीच्या काठाने, काहीशे वर्षं जुनी फड पद्धत आहे. नदीवर लहान बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या शेतीचे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पुढच्या वर्षी फेरपालट. पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या, आणि देखरेख शेतकऱ्यांनीच नेमलेल्या पंचांची. पाटकरी रोज पाटावरून चालायचा. कोणाचं शेत कोरडं राहिलं हे त्याला अर्ज न येताच दिसायचं. याउलट मोठ्या कालव्यांवरची रीत बघा: शेतकऱ्याने सात नंबरचा अर्ज भरायचा, कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनं ठरायची, मग शेजपाळीने पाणी यायचं. कागद भक्कम आहे, पण टेलच्या शेतकऱ्याला पाणी पोचलं नाही हे वर कळेपर्यंत पीक सुकलेलं असतं.

फडाचं कौतुक करताना भाबडेपणा नको. तिथे शब्द चालायचा तो जमीन असलेल्याचा. मजुराला त्या बैठकीत जागा नव्हती. शिवाय पाटकऱ्याची पद्धत चालते कारण फड लहान असतो. ११७ टीएमसी पाणी एका पाटकऱ्याच्या डोळ्यांत मावत नाही. ब्रूक्सचं गणित पाण्यालाही लागू आहे.

पण मधला मार्ग निघतो. १९९१ मध्ये नाशिक जिल्ह्यात ओझरला वाघाड धरणाच्या लाभक्षेत्रात शेतकऱ्यांनी तीन पाणी वापर संस्था सुरू केल्या. बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने त्यासाठी गावोगाव बैठका घेतल्या. तत्त्व असं की सरकारने संस्थेला पाणी मोजून द्यायचं, आत कसं वाटायचं ते शेतकरी ठरवतील. २००५ मध्ये राज्याने त्यासाठी कायदाच केला. धरणाची भिंत वॉटरफॉल, पण वाटपाची टीम लहान आणि आपलं आपण ठरवणारी. मोठी, न बदलता येणारी गोष्ट एकदाच नीट विचार करून करा. बदलता येणाऱ्या गोष्टी रोज बोलून करा. कुठली गोष्ट कुठल्या प्रकारची आहे हे ओळखणं, हीच खरी इंजिनियरिंगची अक्कल. उजनीत भिंत पक्की होती म्हणून बोलणंही एकदाच झालं, दुखणं तिथे आहे.

आता नाण्याची दुसरी बाजू. अजाईलने बोलणं बिघडवलंसुद्धा. मी एका (नाव नको) कंपनीत होतो तिथे स्टँड-अप म्हणजे हजेरी होती. काल काय केलं, आज काय करणार, अडचण काय, असे तीन प्रश्न. प्रत्येक जण मॅनेजरकडे बघून उत्तर द्यायचा, शेजारच्याकडे कोणी बघायचंच नाही. अडचणीच्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर एकच, 'काही नाही'. जिथे अडचण सांगितली की नंतर बाजूला घेऊन विचारणा होते, तिथे पंधरा मिनिटं रोज उभं राहून काय उपयोग? गंमत म्हणजे २०२० च्या स्क्रम मार्गदर्शिकेतून ते तीन प्रश्न काढूनच टाकलेत. त्यात न्यूयॉर्क आणि पुण्यात साडेनऊ-साडेदहा तासांचं अंतर. त्यांची सकाळ ती आपली संध्याकाळ. समोरासमोर बोला म्हणणाऱ्या तत्त्वाचं काय करायचं?

दुसरं नुकसान जास्त चोरटं आहे. 'कागदांपेक्षा चालणारं सॉफ्टवेअर महत्त्वाचं' याचा अर्थ लोकांनी 'कागद नकोच' असा लावला. (रॉईसचं चित्र आठवतंय ना? जाहीरनाम्याचंही तेच झालं.) बोलून ठरवलेलं माणूस नोकरी सोडून गेला की त्याच्याबरोबर जातं. तीन वर्षांनी कोणी विचारतं, हे असं का केलंय? उत्तर द्यायला कोणीच नाही. आमच्या आबांच्या, म्हणजे आजोबांच्या ट्रंकेत मात्र धरणाच्या वेळचे कागद आहेत. पिवळे पडलेले, घडीवर फाटलेले, पण आहेत. कोणत्या गटाची किती जमीन गेली ते आजही त्यावरून सांगता येतं. तोंडी बोलणं लवकर समजण्यासाठी, लिहिलेलं जास्त दिवस टिकण्यासाठी. दोन्ही लागतं.

आणि आता मला आवडणारी गोष्ट. पावसाळ्यात आमच्या सगळ्या पट्ट्यात एकच प्रश्न असतो: 'दौंडला किती?' पुण्याच्या मुळा-मुठेचं पाणी दौंडच्या अलीकडे भीमेला मिळतं, मग दौंडला नदीतला विसर्ग मोजतात, आणि तेच पाणी उजनीत येतं. पन्नास हजार क्युसेक म्हटलं की माणूस खूश. (एक लाख क्युसेक दिवसभर चाललं तर साडेआठ टीएमसीहून जास्त पाणी येतं, हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असतं.) धरण भरत आलं की दुसरा प्रश्न: 'खाली किती सोडलं?' कारण खाली पंढरपूर आहे आणि चंद्रभागेच्या काठच्या घरांना सामान हलवायचं असतं. दौंडचा विसर्ग, साठ्याची टक्केवारी, सोडलेलं पाणी. तीन आकडे, रोज, ठरलेल्या साच्यात. पेपरात, चहाच्या टपरीवर, आता मोबाईलवर. अजाईलवाले भिंतीवर सगळ्यांना दिसेल असा फलक लावा म्हणतात, तो हाच. फरक एवढाच की इथे तो कोणी सक्तीने लावलेला नाही. आकड्याचा अर्थ सगळ्यांना सारखाच कळतो, आणि आकडा बदलला की काय करायचं तेही प्रत्येकाला ठाऊक असतं. पंपाची मोटार वर घ्यायची, जनावरं हलवायची, की निवांत झोपायचं.

तेव्हा तुमची टीम खरंच अजाईल आहे का हे तपासायला एखादा सर्टिफाईड स्क्रम मास्टर बोलावण्याची गरज नाही. सोमवारी ऑफिसात गेल्यावर एवढंच बघा: असा एखादा आकडा आहे का, जो कोणी न सांगता सगळे सकाळी सकाळी विचारतात? तो वाईट निघाला तर सांगणाऱ्याला कोणी ओरडत नाही ना? आणि त्याचं शून्य कुठे आहे हे सगळ्यांना माहीत आहे का? तिन्हीची उत्तरं बरी आली तर पद्धतीचं नाव काहीही ठेवा. स्प्रिंट म्हणा, फड म्हणा, पाळी म्हणा. पाणी टेलपर्यंत पोचल्याशी कारण.